कोपरापर्यंत

स्प्रिंगकाकांनी गोळी चमच्यात ठेवली आणि दुसऱ्या चमच्याच्या पाठीने ती चुरडायला घेतली. गोळी एवढीशी, पण भलतीच कडक निघाली. पहिल्याच दाबाला ती उडून ओट्यावर पडली आणि तिथून घरंगळत खाली गेली. काका गुडघे टेकून बसले, ओट्याखाली हात घालून त्यांनी ती शोधून काढली, फुंकर मारली, क्षणभर विचार केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग पाकिटातून दुसरी घेतली.

"काय शोधताय?" आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं.

"काही नाही. चमचा पडला."

गोळी जुलाब थांबवायची होती. काल दुपारपासून काकूंना पाण्यासारखं होत होतं. त्याआधी कित्येक दिवस काहीच झालं नव्हतं, त्यामुळे काल पहिल्यांदा चादर ओली झाली तेव्हा काकांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. "झालं बरं का एकदाचं," असं त्यांनी एखादी परीक्षा पास झाल्यासारखं सांगितलं. पलीकडे लेक आधी हसली आणि मग तिचा आवाज भरून आला. पण संध्याकाळ झाली तरी थांबेना, सकाळीही तेच, तेव्हा काका औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने काही न विचारता पाकीट पुढे केलं होतं.

काकूंनी पूड निमूट गिळली. वर घोटभर पाणी घेतलं, तेही ओठ ओले होण्यापुरतं, आणि पेला परत दिला.

"अजून घे ना."

"पुरे."

"सूप करू?"

"नको. पोट भरलंय." त्यांनी डोळे मिटले. काही न खाता पोट भरलेलं कसं, हे काकांना कळेना. पण गेले काही दिवस त्या असंच म्हणत होत्या. आजारी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

काकांनी नवे हातमोजे चढवले. हे मोजे खास घरासाठी आणले होते, कामाचे वेगळे. काकूंनी तशी अटच घातली होती. त्यांनी काकूंना कुशीवर वळवलं, चादर एका बाजूने गोळा करत आणली, दुसरी सरकवली. ओलं अंग पुसताना काकू उशीत तोंड खुपसून पडल्या होत्या. काकांच्या हाताला घाई नव्हती. आयुष्यात त्यांनी कसलंही काम घाईने केलं नव्हतं.

"ती चादर नुसती बादलीत टाका," काकू उशीतूनच म्हणाल्या. "बाई आली की धुवेल."

"बरं."

"फोन आला होता का बाईचा?"

"नाही अजून."

हा प्रश्न रोजचाच होता. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा. लेक महिनाभर येऊन राहिली होती तेव्हा तिने आईचं सगळं केलं होतं. जाताना एका बाईशी बोलूनही ठेवलं होतं. पण ती बाई आज येते, सोमवारी येते करत अजून उगवली नव्हती. काकांना आताशा त्या बाईचा राग येऊ लागला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा काकूंचाही. आपण एवढं जिवापाड करतोय, अंथरुणाला सुरकुती राहू देत नाही, आणि हिचं आपलं बाई, बाई. आपलं काम हिच्या पसंतीला उतरत नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांना लागत होता. गिऱ्हाइकाने तक्रार केली असा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता. घरातच तो आला, हे त्यांना लागलं होतं.

काकांचा धंदा तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करण्याचा. मोऱ्या, बेसिनं, संडास, इमारतीच्या पोटातले मोठे पाइप, काहीही. तारेची लांबलचक स्प्रिंग वेटोळं करून खांद्यावर टाकून ते पायीच फिरायचे, म्हणून सगळे त्यांना स्प्रिंगकाका म्हणत. खरं नाव पोस्टमनलाही नीट आठवत नसे. काम झालं की ते बादलीभर पाणी ओतायचे आणि कान देऊन ऐकायचे. घरमालकिणी घाईच्या असत. पाणी हळूहळू उतरायला लागलं की त्या लगेच म्हणत, झालं की हो, जातंय की. काका मान हलवत. "वहिनी, असं कडेकडेने गेलं म्हणजे मोकळं झालं असं नसतं. बोळा जागच्या जागी आहे. पाणी आपलं वाट काढून झिरपतंय." आणि पुन्हा स्प्रिंग आत घालत. हे वाक्य त्यांनी किती स्वयंपाकघरांत म्हटलं असेल याचा हिशेब नव्हता.

घरी मात्र त्यांनी कधी स्प्रिंग उघडली नाही. लग्न होऊन आल्यावर काकूंनी पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला कामावरून परतताना पाहिलं आणि मागच्या दाराशीच थांबवलं. त्या तांब्या आणि साबण घेऊन आल्या. "हात पुढे करा," म्हणाल्या. बोटांपासून कोपरापर्यंत साबण लावायला लावून त्यांनी वरून पाणी ओतलं, मग पुन्हा साबण, पुन्हा पाणी. शेवटी त्याचे दोन्ही तळवे नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "आता या." नवरा लाजेने अर्धा झाला होता. हिला आपली किळस येते, असं त्याला वाटलं. पण त्याच रात्री जेवताना त्यांनी त्याला स्वतःच्या ताटातला घास भरवला, तेव्हा तसं काही नाही हे त्याला कळलं.

तेव्हापासून ते रोजचं होऊन गेलं. पायरीवर उभं राहायचं, हात पुढे करायचे, पाणी पडायचं, वास घ्यायचा, आता या. भांडण झालेलं असलं तरी पाणी चुकलं नाही. तेव्हा वास मात्र जरा जोरात घेतला जायचा.

आणि घरातली मोरी, संडास, बाळाचे लंगोट, म्हाताऱ्या सासूचं शेवटचं दुखणं, यातलं काहीएक त्यांनी काकांच्या हाताला लागू दिलं नाही. मोरी तुंबली तर काकांचीच जुनी स्प्रिंग घेऊन काकू स्वतः बसायच्या. समोरच्या वहिनी चेष्टा करायच्या, "घरात एवढा मोठा कारागीर असताना?" काकू म्हणायच्या, "त्यांना बाहेरून सवड होत नाही हो." पण एकदा काका खरंच मदतीला वाकले, तेव्हा त्या एकदम गंभीर झाल्या होत्या. "दिवसभर लोकांचं काढता. घरातलं तरी तुमच्या वाट्याला नको." काकांनी ते हसण्यावारी नेलं. सवय झाली की माणूस अशा गोष्टींचा विचार करत नाही.

आजारपण आल्यापासून तांब्या मोरीतच होता. काका आता बेसिनमध्ये हात धुवायचे आणि काकू पडल्या पडल्या पाण्याचा आवाज ऐकायच्या. "कोपरापर्यंत?" त्या विचारायच्या. "कोपरापर्यंत," काका सांगायचे.

सिस्टर आल्या तेव्हा ऊन खिडकीच्या निम्म्यावर आलं होतं. दवाखान्याकडून त्या दर आठवड्याला घरी येत, काकूंची तपासणी करत, दुखण्याच्या गोळ्या बघत, पाठ कुठे लाल झालीय का ते पाहत. बोलायला मोकळ्या होत्या, काकूंना हसवायच्या. आजही त्यांनी चपला काढता काढताच विचारलं, "काय म्हणतंय आमच्या काकूंचं पोट?"

"आधी बंद होतं," काका म्हणाले. "काल दुपारपासून जे सुरू झालंय ते थांबेना. मग मी गोळी आणली. सकाळपासून दोनदा दिली."

सिस्टरांचा हात पिशवीतच थांबला. "कुठली गोळी?"

काकांनी पाकीट आणून दाखवलं. सिस्टरांनी ते वाचलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग त्या काकूंच्या शेजारी बसल्या, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले. उजवीकडून दाबत दाबत डावीकडे आल्या तेव्हा काकूंच्या भुवया जवळ आल्या.

"मळमळतं?"

"थोडं."

"खावंसं वाटत नाही?"

"नाही."

"हे पातळ सुरू व्हायच्या आधी नीट कधी झालं होतं, काकू?"

काकू छताकडे बघत राहिल्या. उत्तर काकांनी दिलं. "लेक होती तोवर रोजच्या रोज होत होतं. म्हणजे तीच बघायची."

"आणि ती गेल्यावर?"

"होत होतं थोडं थोडं," काकू म्हणाल्या.

"भांडं कोण द्यायचं?"

भांडं पलंगाखाली होतं. लेकीने जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं आणि ते तसंच गुंडाळलेलं होतं. सिस्टरांनी वाकून बघितलं आणि पुन्हा सरळ बसल्या.

"पोट साफ व्हायचं सिरप दिलं होतं ना? ते चालू आहे?"

"हो, ते ती स्वतःच घेते," काका म्हणाले. "उशाशीच ठेवलंय. मी बाहेर गेलेलो असतो कधी, म्हणून तिने सांगितलं की ते माझं मी बघीन."

सिस्टरांनी उशाची बाटली उचलली आणि झाकण फिरवलं. झाकणाचं सील कट् आवाज करून तुटलं. बारीकसाच आवाज, पण खोलीत तिघांनीही ऐकला. ज्याचा जन्म नळांच्या आट्यांमध्ये आणि झाकणांमध्ये गेला त्या माणसाला हा आवाज कसला हे सांगायची गरज नव्हती. पहिल्यांदा उघडताना येतो तो आवाज होता.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"काका, जरा बाहेर थांबता?" सिस्टर म्हणाल्या. "मला आतून तपासायचंय."

काका मागच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. बादलीत चादर भिजत होती. त्यांना वाटलं, हिने आपल्याला फसवलं. मग वाटलं, हिला जगायचंच नसेल. हा दुसरा विचार आला तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली, पण ते बसले नाहीत.

सिस्टर मोजे काढत बाहेर आल्या. हलक्या आवाजात, पण स्पष्ट बोलल्या. "काका, हे जुलाब नाहीत. आत घट्ट खडा झालाय, चांगला मोठा. वरून जे पातळ येतंय ते त्या खड्याच्या कडेकडेने झिरपतंय. बघणाऱ्याला वाटतं वाट मोकळी झाली, पण बोळा तिथेच असतो."

आता मात्र काका पायरीवर बसले.

"दुखण्याच्या गोळ्यांनी आतडी सुस्त होतात," सिस्टर सांगत राहिल्या. "माणसाला त्या गोळ्यांची सवय होते, आतड्यांना होत नाही. म्हणून गोळी आहे तोवर ते सिरपही रोज, जोडीनंच. त्यात काकू पाणी घेत नाहीत, सिरप घेतलेलं नाही, आणि आली कळ तरी धरून ठेवलेली दिसतेय. मग ते आत वाळत जातं."

"आणि मी वरून बूच मारलं," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं कळणार?"

"मलाच कळायला हवं होतं." काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. सिस्टरांना ते नुसतं हळहळीचं वाक्य वाटलं. त्या फोन काढून डॉक्टरांशी बोलायला अंगणात गेल्या. काका तिथेच बसून राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात उभं राहून जे शहाणपण सांगितलं ते आपल्याच घरात सुचलं नाही. काल तर आपण फोन करून आनंदाची बातमी दिली. त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: आधी दुखण्याचं औषध द्यायचं, ते अंगात भिनू द्यायचं, मग तेलाचा एनिमा देऊन खडा मऊ करायचा, आणि तरी सुटला नाही तर बोटाने थोडा थोडा काढायचा. सिस्टरांनी हे काकूंना सगळं समजावून सांगितलं, लपवलं काही नाही. काकूंनी मान हलवली.

"पण काकू, तुम्हाला कुशीवर धरून ठेवायला एक माणूस लागेल मला. एकटीला नाही जमणार."

"समोरच्या वहिनींना बोलवा," काकू लगेच म्हणाल्या.

काका गेले आणि परत आले. "कुलूप आहे."

"शेजारची?"

"ती कामावर असते या वेळी."

"मग थांबू. बाई येईलच एक-दोन दिवसांत."

"थांबायचं नाही आता," सिस्टर म्हणाल्या. "पोट बघा किती ताणलंय. ओकाऱ्या सुरू झाल्या म्हणजे सगळंच अवघड होईल."

काकूंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. हातात ताकद नव्हती तरी मूठ घट्ट होती.

"मी धरतो," काका म्हणाले.

"तुम्ही नाही."

"बाकी कशाला हात लावत नाही. नुसता खांदा धरतो."

"तुम्ही बाहेर जा म्हणते ना."

काकूंचा आवाज चिरका झाला होता. काका पलंगाजवळ आले आणि जमिनीवरच बसले, म्हणजे दोघांचे चेहरे एका उंचीवर आले. त्यांना हे बोलायचं नव्हतं, पण आता आत मावेना.

"मला जमत नाही म्हणून बाई पाहिजे ना तुला? माझे हात राठ आहेत म्हणून?"

काकूंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं. त्या खरोखर गोंधळल्या होत्या.

"तुम्हाला एखादी गोष्ट जमत नाही असं कधी झालंय?"

"मग?"

"मग काय मग." त्यांच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या. "एवढी वर्षं जपलं. या घरातलं काही तुमच्या हाताला लागू दिलं नाही. एवढं एकच तर मी तुमच्यासाठी केलं. आणि आता शेवटी तेही मोडायचं? तेही माझंच?" त्यांनी दम खाल्ला. "म्हटलं बाई येईपर्यंत धरू. पाणी कमी घेतलं की कमी होतं. चार दिवस निघतील. ती येतच नाही तर मी काय करू?"

मागच्या सगळ्या दिवसांचे भरलेले पेले काकांच्या डोळ्यांसमोर आले. सकाळी ठेवलेलं पाणी संध्याकाळी तसंच असायचं आणि काका ते ओतून पेला पुन्हा भरायचे. कळा दाबत ही इथे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि आपण शेजारच्या खोलीत बसून तिच्यावर रुसलो. त्यांनी काकूंच्या मुठीवर आपला हात ठेवला. मूठ हळूहळू सैल झाली.

"धरा," काकू शेवटी म्हणाल्या. "पण इकडेच बघा. माझ्याकडे."

औषध भिनायला वेळ दिला गेला. मग काकूंना डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले. सिस्टर पाठीमागे, काका समोर. एका हाताने काकांनी खांदा धरला होता आणि दुसरा हात काकूंनी आपल्या गालाखाली ओढून घेतला होता. तेल आत गेलं, थांबावं लागलं, पुन्हा थांबावं लागलं. सिस्टर प्रत्येक वेळी काय करणार ते आधी सांगत होत्या. काकूंचे दात ओठांत रुतले.

"बोला काहीतरी," त्या म्हणाल्या.

काका बोलायला लागले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून कामाच्याच गोष्टी सांगितल्या. एका मास्तरांच्या बेसिनमधून त्यांची कवळी निघाली, आणि ती धुऊन हातात देताच मास्तरांनी तोंडात बसवली.

"सांगितलंय तुम्ही," काकू कण्हत म्हणाल्या.

"मग ती बाहुलीची?"

"तीही."

"एकांकडे सुनेने नळीत सासऱ्याची तपकिरीची डबी टाकली होती."

"ही नाही ऐकली."

"सासऱ्याला सवय सोडवायची म्हणून टाकली. मी डबी काढली. सासरे समोर उभे, सून मागे उभी. ती मला खुणा करतेय, दाखवू नका. मी डबी खिशात घातली आणि म्हटलं, काही नव्हतं, नुसता कचरा. सासरे म्हणाले, कचऱ्याला वास मात्र ओळखीचा येतोय."

काकू हसल्या. हसता हसता कळ आली आणि त्यांनी काकांचा हात एवढा आवळला की तो पांढरा पडला. पाठीमागून सिस्टर म्हणाल्या, "हां, सोडा, आता सोडा, काकू. धरू नका." काकू काकांकडे बघत होत्या. त्या बघण्यात विचारणं होतं. काकांनी मान हलवली.

मग बराच वेळ लागला. खोलीत वास भरला, सिस्टरांनी खिडकी उघडली, भांडं एकदा बदललं. काकूंच्या कपाळावर घाम डवरला होता, पण भुवयांमधली गाठ सुटत गेली. पोट मऊ पडलं. शेवटी त्यांनी एक लांब श्वास घेतला. त्यांना इतका खोल श्वास घेताना काकांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

सिस्टर भांडं उचलू लागल्या तेव्हा काका उठले.

"द्या इकडे."

त्यांनी काकूंकडे वळून बघितलं नाही. भांडं झाकलं, दोन्ही हातांनी समतोल धरलं आणि घेऊन गेले. ओतलं, घासलं, धुतलं, उन्हात पालथं ठेवलं. हे काम त्यांच्या हातांना नवं नव्हतं. नवं एवढंच होतं की ते स्वतःच्या घरात करत होते, आणि त्यांना त्यात वाईट काही वाटलं नाही. उलट, इतके दिवस आपल्याला बाहेर उभं केलं होतं आणि आता आत घेतलं, असं काहीसं वाटलं. परत आल्यावर त्यांनी गरम पाण्याने काकूंना पुसलं, कोरडी चादर घातली. काकूंनी या वेळी तोंड उशीत लपवलं नाही.

सिस्टर निघाल्या तेव्हा काका फाटकापर्यंत गेले. सिरप रात्री, पाणी दिवसभर थोडं थोडं, सकाळी काही कोमट प्यायल्यावर भांड्यावर बसवायचं, बसवेल तितकं, पायाखाली काहीतरी द्यायचं, घाई करायची नाही. आणि ती गोळी पुन्हा नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता बरं वाटेल ना तिला?"

"वाटेल की. भूकही लागेल थोडी."

"आणि मग?"

सिस्टरांनी गाडीची किल्ली हातात फिरवली. त्या नेहमी हसून बोलायच्या, पण आता हसल्या नाहीत. "मग दुखण्याच्या गोळ्या वाढवाव्या लागतील, काका. सिरपही वाढवू. जे दिवस आहेत ते पोटदुखीत नको जायला."

काकांनी "बरं" म्हटलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते फाटक धरून उभे होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून ते आत आले आणि बेसिनचा नळ सोडला.

"तिथे नको," आतून आवाज आला.

काका नळ बंद करून दारात आले. काकू उशीला टेकून जरा उंच झाल्या होत्या. कशा झाल्या कोण जाणे.

"तांब्या आणा. आणि खाली धरायला घमेलं."

"अगं, कशाला आता? पड तू."

"आणा म्हणते."

मोरीतला तांब्या काकांनी निम्माही भरला नाही. साबण आणला. घमेलं पलंगाच्या कडेला टेकवून ते वाकून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केले. काकूंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. तो थरथरत होता. पाणी थोडं बोटांवर पडलं, थोडं चादरीवर. काकांनी साबण लावला, बोटांपासून कोपरापर्यंत. पुन्हा पाणी आलं, बारीक धार, मध्येच तुटणारी. दुसऱ्या खेपेला काकांनी तांब्याला खालून नकळत आधार दिला आणि काकूंनी तो चालवून घेतला.

मग काकूंनी त्यांचे दोन्ही तळवे नाकाशी नेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. काकांच्या तळव्यांना त्यांचा श्वास लागत होता, गरम आणि उथळ.

"आता या," काकू म्हणाल्या.

काका तर आतच होते. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग त्यांनी घमेलं उचललं, मागच्या दाराने बाहेर गेले, पाणी ओतलं, पायरीवर पाय पुसले आणि पुन्हा घरात आले.

काकूंनी उशाचा पेला घेतला होता. सकाळपासून भरून ठेवलेला तो पेला रिकामा होता. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलंही नव्हतं. त्यांनी पेला काकांपुढे धरला.

"अजून द्या थोडं," त्या म्हणाल्या.